हाडांचा हिवाळा

काल सकाळी पडदा सारला तर घरासमोरच्या कालव्यावर बर्फ धरला होता. अजून पातळच, दुधावर साय धरते तेवढा. त्यावर एक बदक उभं होतं आणि चटका बसल्यासारखं एकेक पाय उचलून ठेवत होतं. युट्रेख्टला थंडी दर वर्षी पडते, पाऊस तर विचारूच नका, वारा माणसाला सायकलवरून खाली पाडतो; पण पाणी गोठेल अशी थंडी आता क्वचितच येते. त्यामुळे बर्फ धरला की सगळी गल्ली हरखून जाते. समोरचे आजोबा दारात खुर्ची टाकून स्केट्सना तेल देत बसले होते. माझी मुलगी ईरा जिन्यावरून धडधडत खाली आली आणि डचमध्ये तिने विचारलं, पुरेसा जाड झालाय का? मी मराठीत म्हटलं, "नाही झाला." ती खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली, मग वर निघून गेली. तिलाही आठवलं असणार. तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या वयातलं सगळं विसरलं जातं असं मोठ्या माणसांना उगाच वाटतं.

तो महामारीतला दुसरा हिवाळा. रस्ते रिकामे, दुकानं बंद, संध्याकाळनंतर संचारबंदी. घरी पाहुणा बोलवायचा तर दिवसाला एकच. म्हणून माझी धाकटी बहीण शलाका पाहुणी म्हणून न येता राहायलाच आली. ती आर्नहेमला एका वीज कंपनीत नोकरी करायची, एकटी राहायची. ऑफिस घरातल्या टेबलावर आलेलं, बोलायला माणूस नाही. मीच म्हटलं, "ये इकडे, हिवाळा संपेपर्यंत राहा." माझा नवरा मंदार स्टेशनवर तिला घ्यायला गेला आणि घामाघूम होऊन परतला. तिच्या दोन बॅगांपैकी एक त्याला उचलवतच नव्हती. त्यात लोखंडी डंबेल्स होते. कपडे थोडेसेच होते, आणि ते तिला सैल होत होते.

शलाकाबद्दल सांगायचं तर आमच्या ठाण्याच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. मी लहानपणी किडकिडीत, ती गुटगुटीत. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमची थोरली काडी आणि धाकटी गाडी." पाहुणे हसायचे. शलाकाही हसायची, सगळ्यांत मोठ्याने. आई दुष्ट नव्हती. शाळेत गणित शिकवायची, संध्याकाळी दमून यायची, आणि यमक जुळलं याचा तिला आनंद व्हायचा. पण ते यमक वीस वर्षं आमच्या घरात राहिलं. पुढे शलाकासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा एका घरून निरोप आला, "मुलगी हुशार आहे, पण अंगाने जरा…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं होतं. त्यापुढचं आमच्या घरात प्रत्येकाने आपापल्या मनात पुरं केलं. शलाका त्या दिवशी दोनदा जेवली. आईने तिला दुसऱ्यांदा वाढलं आणि वाढता वाढता म्हणाली, "अगं, आता तरी."

मग नोकरी, मग परदेश, मग आर्नहेम. पाठ दुखायला लागली म्हणून तिथल्या फिजिओथेरपिस्टने तिला जिमला जायला सांगितलं. मला तिचा तो फोन आठवतो. "ताई, आज मी माझ्या वजनाएवढं वजन जमिनीवरून उचललं!" आवाजात इतका उजेड होता की मी हातातलं काम टाकून खाली बसले. जन्मभर आपण जड आहोत असं ऐकलेल्या मुलीला जड वस्तू उचलता येते, यात केवढं सुख असेल! तिची पाठदुखी थांबली, झोप लागायला लागली, ती मान वर करून चालायला लागली. व्यायामाला मी आजही नावं ठेवत नाही. त्याने तिला आधी खरोखर माणसांत आणलं होतं.

नंतर कधी ते उलटलं, कोण जाणे. दूध नासतं तेव्हा नेमक्या कुठल्या क्षणी नासतं? जिम बंद झाल्या, उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा ती रडली होती, हे तिने मला खूप पुढे सांगितलं. दुसऱ्यांदा बंद झाल्या तेव्हा रडली नाही. ती धावायला लागली.

आमचं घर इथल्या इतर घरांसारखं, अरुंद आणि उंच, आणि जिना असा की शिडीला लाज वाटावी. संचारबंदी लागू झाल्यावर शलाकाला तो जिना सापडला. सकाळी जग उठायच्या आधी ती दारात बूट घालून उभी असायची, संचारबंदी उठायची वाट बघत. मग क्रोमे राइन नदीच्या काठाने झाडीत जायची. परतून आंघोळ, लॅपटॉप, मीटिंगा. दुपारी जेवायच्या वेळेला पुन्हा नदी. संध्याकाळी बाहेर जाता येत नसे म्हणून जिना. खालून वर, वरून खाली. आम्ही जेवायला बसलेले आणि डोक्यावर ते धप धप. मंदार एकदा म्हणाला, "घरात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं." आम्ही हसलो. सुरुवातीला आम्ही बरंच हसायचो.

ती आमच्याबरोबर बसायची, पण जेवायची नाही. म्हणजे ताटात असायचं. काकडी, उकडलेल्या अंड्याचं पांढरं, दही. पोळी समोर आली की ती मनगटावरच्या, पावलं नि कॅलरी मोजणाऱ्या घड्याळाकडे बघायची. पोळी घ्यायची की नाही हे ते घड्याळ सांगायचं. एकदा माझ्या हातची पुरणपोळी तिने नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि परत ठेवली. मी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "उद्या. उद्या जास्त धावेन, मग." ती पुरणपोळी दुसऱ्या दिवशी मी बदकांना घातली.

आता मागे वळून बघते तेव्हा तिचं शरीर किती स्पष्ट बोलत होतं याचं नवल वाटतं. मोरीच्या जाळीत रोज केसांचा बुचका. घर तापवलेलं असताना ही दोन स्वेटर घालून रेडिएटरला टेकलेली, हात प्रेतासारखे गार. दंडावर बारीक मऊ लव उगवलेली, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. भाजीची सुरी लागून बोट कापलं ते दोन आठवडे भरलं नाही. नाडी इतकी संथ की मी एकदा मनगट धरून बसले आणि पुढच्या ठोक्याची वाट बघता बघता माझाच श्वास अडकला. ती हसून म्हणाली, "खेळाडूंची अशीच असते, ताई." पाळी बंद झाल्याचं तिने मला सांगितलं ते असं: "किती कटकट वाचली!" मी डॉक्टरांना फोन कर म्हटलं. तिने केला. त्या दिवसांत तपासणी फोनवरच व्हायची. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम करता का, नीट जेवता का. तिने दोन्हीला हो म्हटलं. फोनवरून हात लावून बघता येत नाही.

आणि कौतुक! दारुड्याच्या घरच्यांना निदान शेजारीपाजारी समजून घेतात, मान हलवतात, पोरांना खाऊ देतात. आमचं अभिनंदन व्हायचं. इथल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. घरात कोंडलेल्या माणसांनी त्यावर सूर्यनमस्कारांची चढाओढ लावली होती. शलाका रोज पहिली. अंगठे, टाळ्या, आगीची चित्रं. "तुझ्याकडे बघून लाज वाटते गं स्वतःची," एकीने लिहिलं. शलाका ते मला वाचून दाखवायची. लाज वाटते हे शब्द ती पुन्हा वाचायची.

आईचा व्हिडिओ कॉल दर रविवारी. शलाका स्क्रीनवर आली की आईचा चेहरा असा खुलायचा, की मी तो आमच्या कुणाच्या बोर्डाच्या निकालालाही पाहिला नव्हता. "उभी राहा बघू. वळ. अगं बाई! किती छान झालीस! गळ्याची हाडं दिसायला लागली." मग कॅमेरा माझ्याकडे. "आणि तू? तू काय खाल्लंस तिच्या वाटचं?" काडीची गाडी झाली होती आणि गाडीची काडी. आई खूश होती. मी कॉल बंद झाल्यावर आईला वेगळा फोन केला, म्हटलं, "आई, ती आजारी आहे." आई म्हणाली, "दृष्ट लावू नकोस. जन्मात पहिल्यांदा पोरगी आरशात बघतेय."

फेब्रुवारी लागता लागता ती एका पायावर थोडी लवून चालायला लागली. जांघेत दुखतं म्हणाली. जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यायची, चढताना मात्र नाही. चढणं हा व्यायाम होता ना. मी म्हटलं, चार दिवस बस. ती म्हणाली, धावायला लागल्यावर थांबतं दुखायचं. हे खरं होतं म्हणे. पहिल्या काही मिनिटांनंतर दुखणं बधिर व्हायचं आणि ती त्याला बरं होणं समजायची.

एके दिवशी मी तिचे बूट लपवले. आईपण करून करून हात त्या वळणाचे झालेले असतात. पोराचं खेळणं उचलून कपाटावर ठेवावं तसे ठेवले. तिने मंदारचे बूट घातले, दोन-दोन मोजे चढवून, आणि गेली. परत आली तेव्हा दोन्ही टाचांची सालं निघालेली, मोजे चिकटून बसलेले. मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली. मला वाटलं आता तरी टेकली. तर म्हणाली, "संध्याकाळपर्यंत जरा सुकायला हवं." मी तिचे बूट आणून समोर ठेवले. आमच्या घरात आता कोणाचं ऐकलं जातं ते मला कळलं होतं.

पण ईराचं ऐकू येईपर्यंत मी हे सहन करत होते. ईराला मावशी फार आवडायची. शाळा बंद, मैत्रिणी बंद, आणि घरात एक माणूस जे दिवसभर हलतं! दोघी जिना चढायच्या, ईरा डचमध्ये मोजायची. एका दुपारी मी तिला गरम पोळी वाढली, तूप लावून, तिला आवडते तशी गुंडाळी करून. तिने हात मागे घेतला. डचमध्ये म्हणाली, "मी अजून ती कमावली नाहीये." आणि फ्रॉक वर करून पोट चिमटीत धरून दाखवलं. आठ वर्षांच्या पोरीचं पोट. त्याला धरायला काही नव्हतंच, तिने नुसती कातडी ओढली होती.

मी तवा उतरवला. शलाका समोरच बसली होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ती गंमत करतेय."

"शलू, तिला हे कुठून आलं?"

"म्हणजे तिनेही गुबगुबीत राहावं आणि लोकांनी हसावं, हे चालेल तुला?"

"हे तू माझ्या मुलीसमोर बोलू नकोस."

"तुला माहीतच नाही ताई, कसं असतं ते. तू काडी होतीस. आता बघ स्वतःकडे. लग्न झाल्यापासून तू खुर्चीतून उठली नाहीस. तुला माझा हेवा वाटतो, दुसरं काही नाही."

मंदारने ईराला वर नेलं. मी शलाकाला म्हटलं, "तुझ्याकडे बघून मला हेवा वाटत नाही. मला भीती वाटते. तू मेल्यासारखी दिसतेस." ती शांतपणे उठली, माझ्यासमोर तिने ती पोळी उचलली, चार घासांत कोंबली, नीट चावलीसुद्धा नाही, आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "झालं समाधान?" मग घड्याळावर काहीतरी दाबलं आणि जिन्याकडे गेली. धप, धप. पायऱ्यांवरचा एक पाय जड पडत होता आणि एक हलका. खाली ओट्याशी उभी राहून मी ते ऐकत होते. मी तिला आर्नहेमला परत जा असं सांगायचं ठरवलं होतं. ते सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला.

तो बर्फ तुम्हाला आठवत असेल. ट्रेन बंद पडल्या, सायकली गाडल्या गेल्या, आणि मग कडक ऊन आणि कडक थंडी. कालवे गोठले. महिनोन्‌महिने घरात कोंडलेली माणसं अक्षरशः फुटून बाहेर आली. समोरच्या आजोबांनी ईराला एक जुनी लाकडी खुर्ची दिली. ती पुढे ढकलत पोरं स्केटिंग शिकतात. लाल गालांची मुलं, कुत्री, कुणीतरी थर्मासमधून मटारचं सूप वाटतंय, हसणं, पडणं, पुन्हा उठणं. त्या वर्षात पहिल्यांदाच मला इतकी माणसं एकत्र हसताना ऐकू आली. मी बर्फावर ईराच्या मागे पेंग्विनसारखी चालत होते. शलाकाला म्हटलं होतं, चल ना, स्केट्स मिळतील. ती म्हणाली, "ती मजा आहे ताई. तो व्यायाम नाही."

ती काठावरच्या वाटेने धावत होती. वाटेवर मीठ टाकलेलं, बर्फ साफ केलेला, घसरण्यासारखं काही नव्हतं. मी मान वर करून बघितलं, कारण ईरा तिला हाका मारत होती, "माऊ! माऊ! बघ मला!" शलाकाने आमच्या दिशेने हात उचलला. आणि तिचा डावा पाय दुमडला. ती घसरली नाही, अडखळली नाही. खांब खालून काढून घेतल्यावर मांडव बसतो तशी ती जागच्या जागी खाली बसली. हाड मोडल्याचा आवाज येतो म्हणतात. मी ऐकला नाही. मी जे पाहिलं ते असं: तिने आधी मनगट वर आणलं आणि घड्याळ थांबवलं. मग ती ओरडली.

बर्फावरून धावता येत नाही. मी गुडघ्यांवर, हातांवर रांगत काठाकडे गेले. ती पांढरीफटक पडली होती, दात वाजत होते, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, अंगाला कुणा दुसऱ्याचा पाय लावल्यासारखा. अँब्युलन्स येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती सारखी एकच बोलत होती, "आज कमी झालं गं. आज फारच कमी झालं."

हॉस्पिटलात एकाच माणसाला सोडत होते. मी गेले. रात्रीतच ऑपरेशन झालं, मांडीच्या हाडाच्या मानेत तीन स्क्रू. सकाळी सर्जन आली, मास्कच्या वर फक्त डोळे दिसणारी, पन्नाशीची बाई. इथले डॉक्टर गोड बोलण्यात वेळ घालवत नाहीत. तिने विचारलं, "तुम्ही पडलात कशा?"

शलाका म्हणाली, "बर्फामुळे पडले. पडल्यामुळे हाड मोडलं."

"नाही," सर्जन म्हणाली. "हाड मोडलं म्हणून तुम्ही पडलात. तिथे कित्येक दिवसांची चीर होती. तुम्ही रोज त्या चिरेवर धावत होतात." मग थांबून विचारलं, "पाळी शेवटची कधी आली?"

शलाकाला आठवेना. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मला माहीत असेल.

पुढच्या तपासण्यांत हाडांचं मोजमाप झालं. तिची हाडं सत्तरीच्या बाईसारखी निघाली. आई तेव्हा सत्तरीला टेकली होती. आईची हाडं ठणठणीत होती. ती रोज चार जिने चढून भाजी आणायची. आहारतज्ज्ञ बाईने समजावून सांगितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, थंडीत अडकलेला माणूस आधी लाकडं जाळतो, मग खुर्च्या, मग दारं. तुमच्या शरीराकडे जाळायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने घरच जाळायला घेतलं. शलाकाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पुन्हा धावायला कधी लागता येईल?"

मी आईला कळवलं. आई फोनवर रडली. खूप रडली. येताही येत नव्हतं, विमानं बंद. मग नाक पुसून म्हणाली, "हाड मोडणं आणि व्यायामाचा काय संबंध? व्यसन म्हणे! व्यसन दारूचं असतं, पत्त्यांचं असतं. व्यायामाचं कसलं व्यसन?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आता पडून राहिली की पुन्हा सुटेल गं ती." माझ्या हातून फोन खाली पडला, की मी टाकला, नक्की सांगता येणार नाही.

डाव्या पायावर कित्येक आठवडे भार टाकायचा नाही, असं बजावून तिला घरी सोडलं. खालच्या खोलीत आम्ही पलंग मांडला. तेव्हा मला कळलं की व्यसन सुटतानाचं शरीर कसं असतं, कशाचंही असो. घाम, थरथर, झोप नाही, कुणी बोललं की भांडण. ती पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्यांचा व्यायाम करायची, एकीकडून थांबवलं की दुसरीकडून. परिचारिका जखम बघायला यायची. एकदा तिला पांघरुणाखाली शलाकाचा चांगला पाय वर-खाली होताना दिसला. तिने पांघरूण ओढलं. घामाने चादर भिजलेली. परिचारिकेने पांघरूण परत घातलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "हिला पायाचा डॉक्टर पुरणार नाही."

एका दुपारी मी औषधं आणायला गेले, मंदार ईराला घेऊन बाहेर. परत आले तर कुबड्या जिन्याच्या तळाशी टेकवून ठेवलेल्या, नीट, शेजारी शेजारी. ती वरच्या पायरीवर बसली होती, घामाने निथळत, ओठ चावलेला. किती वेळा चढली होती ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी खालच्या पायरीवर बसले. आमच्यामध्ये तो उभा जिना. शेवटी ती म्हणाली, "ताई, मला थांबता येत नाहीये." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा खरं बोलली होती.

तिथून मग मानसोपचार सुरू झाले, आधी स्क्रीनवर, मग प्रत्यक्ष. घड्याळ मंदारकडे दिलं. जेवण सुरू झालं, औषध घेतात तसं, वेळ लावून. मांडीच्या हाडाचा गोळा मात्र वाचला नाही. रक्त पोचायचं बंद झालं आणि तो आतल्या आत मेला. उन्हाळ्याच्या अखेरीस खुबा बदलावा लागला. ज्या वॉर्डात तिला ठेवलं तिथे बाकी सगळ्या आजीबाई. शेजारच्या खाटेवरची आजी तिला कुणाची तरी भेटायला आलेली नात समजून म्हणाली, "तुझी आजी कुठल्या खाटेवर आहे?" सर्जनने सांगितलं, हा सांधा म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेला आहे, तुम्ही तरुण आहात, तो तुमच्याआधी झिजेल. चाला, सायकल चालवा, पोहा. धावू नका. उड्या नकोत. हिशोबाने वापरा.

शलाका आर्नहेमला परतली. वजन वाढलं, केस आले, पाळी आली. गालांवर रंग आला. डाव्या पायावर किंचित लचकते, नव्या माणसाच्या लक्षात येणार नाही. मागच्या दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती चकल्यांचं ताट घेऊन उभी होती, हिरवी साडी, खरंच सुंदर दिसत होती. सूर्यनमस्कारांच्या ग्रुपवर 'लाज वाटते' लिहिणारी ती बाई आली, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि प्रेमाने म्हणाली, "काय गं, तब्येत सुधारलीय की!" मी शलाकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसली. ताटातली चकली त्या बाईच्या हातात दिली. मग ताट खाली ठेवलं आणि त्यानंतर संध्याकाळभर तिने कशालाही हात लावला नाही.

मी पुष्कळदा विचार करते, कुणाला दोष द्यायचा. आईच्या यमकाला? त्या अर्ध्या सोडलेल्या वाक्याला? टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसांना, जी स्वतःच घाबरून घरात सूर्यनमस्कार घालत होती? त्या वर्षी जगाने सगळ्यांना सांगितलं होतं, घरात बसा, शरीर जपा, प्रतिकारशक्ती वाढवा. शलाकाने ते जरा जास्तच मनावर घेतलं. दारू पिणाऱ्याला कुणी तरी सांगतं की दारू सोड. तिला सोडायला सांगायला कुणाची जीभ उचलणार? व्यायाम सोड असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि तिला तर चालावं लागतंच, सांध्यासाठी रोज. दारुड्याला रोज एक घोट औषध म्हणून द्यावा, आणि म्हणावं, फक्त एवढाच, तसं तिचं जगणं आहे.

काल बर्फ बघितला म्हणून मी तिला दुपारी फोन केला. म्हटलं, "कालवा गोठलाय बघ."

"इकडे… नाही अजून," ती म्हणाली. "नदी मोठी आहे ना… वाहती."

"काय करतेस?"

"काही नाही… सुट्टी घेतलीय. सोफ्यावर पडलेय… चहा घेऊन."

मी ईराबद्दल सांगितलं, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. ती हं, हं म्हणत होती. तिची वाक्यं बरोबर सारख्या अंतरावर तुटत होती, आणि प्रत्येक तुटण्याच्या जागी एक छोटा, आवरून धरलेला श्वास. मागे धप धप मात्र वाजत नव्हतं. तिने बूट काढून ठेवले असणार.

"शलू," मी म्हटलं, "बस."

"बसलेच आहे…" ती म्हणाली, "…गं."